आठवा आक्षेप आणि सुभद्राआक्कांची म्हैस

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "यंदाच्या दिवाळी अंकात जरा वेगळ्या व्यवसायांवर लेख घेतोय. तुम्ही ड्रायव्हर आहात असं कळलं. रस्त्यावरचे दोन-चार थरारक अनुभव लिहून द्या." मी म्हणालो, "मी ड्रायव्हर नाही हो, मी ड्रायव्हर लिहितो." मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे त्यांची चरित्रं का?" हा विनोद मी पंचवीस वर्षं ऐकतोय, माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ऐकला होता, तेव्हा तो इथंच मिटवून पुढं जाऊ.

माझं मूळ गाव पणदरे. घरी ऊस. मी सोडून सगळे शहाणे निघाले आणि उसात राहिले. मी पुण्यात नोकरी केली, तिथल्या लोकांचं इंग्रजी ऐकून कंटाळलो आणि बारामतीत भिगवण रस्त्याला एका गाळ्यात दुकान थाटलं. पाटीवर काय लिहायचं हे मलाच नीट सांगता येईना, तेव्हा रंगाऱ्यानं स्वतःच्या मनानं 'कॉम्प्युटर दुरुस्ती' असं लिहून टाकलं. ते मी खोडलं नाही, त्यामुळं आजही रोज दोन माणसं प्रिंटर काखोटीला मारून येतात.

तर धंदा असा. कॉम्प्युटरला तुम्ही तारेनं एखादी वस्तू जोडली, की ती वस्तू काय आहे हे त्याला आपोआप कळत नाही. माउस, कीबोर्ड ही ओळखीची मंडळी. पण कुणा कारखानदारानं स्वतःच्या डोक्यानं नवं यंत्र काढलं, दुधाचं फॅट सांगणारं, डाळिंबाची प्रतवारी करणारं, जमिनीतली ओल मोजणारं, की ते यंत्र बोलतं एक आणि कॉम्प्युटर ऐकतो भलतंच. मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर, आणि तो मी लिहितो. तोही लिनक्ससाठी. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी अशी व्यवस्था, जी कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं ती मिळून लिहितात, कुणीही उघडून बघावी, कुणीही दुरुस्त करावी, फुकट वापरावी. आमच्या भागात सहकार शिकवावा लागत नाही, त्यामुळं हे लोकांना चटकन पटतं. 'मग चेअरमन कोण?' एवढं मात्र प्रत्येक जण विचारतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरायचा नाही. कऱ्हाटीच्या एका बागाईतदारानं ओल मोजणारं यंत्र घेतलं आणि आठव्या दिवशी मला फोन केला, की तुमचा ड्रायव्हर बिघडला, भर उन्हाळ्यात शेतात शंभर टक्के पाणी दाखवतोय. मी गाडी काढून गेलो. त्याच्या गड्यानं यंत्राची सुई उन्हात तापू नये म्हणून पाण्याच्या बादलीत ठेवली होती. "आवो, महागाची वस्तू हाय, जपाया नगं का?" असं वर मलाच ऐकवलं.

दुसरा इंदापूरकडचा एक डाळिंब-व्यापारी. त्याच्या प्रतवारीच्या यंत्राला मी ड्रायव्हर लिहून दिला. सगळं चोख चाललं. त्यानं मला चहा पाजला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, मशीन लई खरं बोलतंय. जरा आपल्या बाजूनं बोलायला शिकवा की." मी ताडकन उठलो. म्हणालो, "माझं मशीन खोटं बोलत नाही. मी बोलू देत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढं वर्षभर मी ते जिथं तिथं टाकत होतो. त्या वाक्याचं पुढं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं मला अजून जायचंय. केंद्राचे चेअरमन तात्या, पांढरा नेहरू शर्ट, बोलणं गोड आणि बेरीज पक्की. सचिव पोपटराव, मोठा देवभोळा आणि स्वच्छतेचा भोक्ता. त्यांनी दोन फॅट मशीन घेतली, एक गाईच्या दुधाला, एक म्हशीच्या. दोन्ही एकाच कारखान्याची, एका साच्यातली. दोन्हीच्या तारा एकाच कॉम्प्युटरला. गाईच्या दुधाचा हिशेब एका तक्त्यानं लागतो, म्हशीच्या दुधाचा दुसऱ्यानं, आणि म्हशीचा तक्ता फॅट वरचं दाखवतो. कुठल्या मशीनला कुठला तक्ता, हे माझा ड्रायव्हर ठरवणार.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडं पारावर नवा माणूस आला, की आपण विचारतो, गाव कुठलं, घर कुणाचं, नाव काय. यूएसबीची तार खुपसली की कॉम्प्युटरही यंत्राला हेच विचारतो. कारखाना कुठला, जात कुठली, आणि तुझा स्वतःचा नंबर काय. त्या कारखानदारानं पहिली दोन उत्तरं बरोबर भरली होती. तिसऱ्यात मात्र सगळ्या मशीनना एकच नंबर दिला होता. विचारलं तर म्हणाला, "वेगवेगळा कशाला? मशीन सारखंच आहे की." म्हणजे दोन जुळ्या पोरांचं नावही एकच ठेवलं आणि मास्तरांना सांगितलं, ओळखा.

मी ओळखायची युक्ती काढली. वरच्या भोकात जी तार ती गाय, खालच्या भोकात जी तार ती म्हैस. गाईच्या तारेला लाल आणि म्हशीच्या तारेला हिरवी चिकटपट्टी लावली. पोपटरावांना दोनदा समजावलं. मशीनवर माझ्या फोन नंबरचा कागद चिकटवला आणि पेढे खाऊन घरी आलो.

शिवाय मला हौस. हा ड्रायव्हर लिनक्सच्या सामाईक भांडारात जावा, म्हणून मी तो जगातल्या जाणत्या मंडळींकडं तपासायला पाठवला. तिथली रीत अशी, की सगळी चर्चा उघड्यावर चालते आणि कायमची नोंदली जाते. कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थानं नऊ आक्षेप काढले. सात आक्षेप ओळीच्या सुरुवातीला किती रिकामी जागा सोडावी याबद्दल होते. ते मी मान खाली घालून मान्य केले. नववा आक्षेप माझ्या इंग्रजीवर होता, तोही गिळला. आठवा असा, की वापरणाऱ्यानं तारा काढून उलट्या जोडल्या तर?

मला राग आला. दूध कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस मला इंदापूरची माणसं शिकवणार! मी उत्तर लिहिलं, 'आमचे वापरणारे शिकवलेले आहेत. ते असं करत नाहीत.' त्यानं 'ठीक आहे, मशीन तुमचं' एवढंच लिहिलं. ती दोन्ही उत्तरं आजही जगातला कुणीही वाचू शकतो. मी अधूनमधून वाचतो.

गेल्या वर्षी दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कुणी कोयता पूजतो, कुणी ट्रॅक्टर, मी माझं सोल्डरिंगचं यंत्र पूजतो. पोपटरावांनी दोन्ही फॅट मशीन पूजायला काढली. ओल्या फडक्यानं पुसायचं म्हणून तारा काढल्या. मशीन पुसली, तारा पुसल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. मग तारा परत खुपसल्या.

चार दिवसांनी तात्यांचा फोन. "सायेब, तुमचं मशीन आता लई भारी चालाय लागलंय बरं का! समदी लोकं खुश हायती." मी म्हणालो, "रुळलं आता." कौतुक आपलं आहे म्हटल्यावर खोलात कोण शिरतो? मशीन स्वतःहून कधी सुधारत नसतं, हे मला त्या धंद्यात असूनही सुचलं नाही. तिथं काय झालं होतं, तर चाळीस घरच्या गाईंचं फॅट एकाएकी वाढलं होतं. एकानंही तक्रार केली नाही. पोपटराव सांगत सुटले, की पूजा पावली. कुणी म्हणालं, नव्या पेंडीचा गुण. कुणी म्हणालं, आमची गाय मुळातच चांगल्या खानदानाची, मशीनला आत्ता कळलं.

गावात म्हैस एकच उरली होती. सुभद्राआक्कांची. आक्का साठीच्या पुढच्या, घरात एकट्या, आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती चांदी नावाची म्हैस. केंद्र निघालं त्या दिवसापासून त्यांचं दूध तिथं जायचं, कायम सातच्या आसपास फॅट. दसऱ्यानंतर ते पाचावर आलं.

त्यातच वरच्या शीतकरण केंद्रातून निरोप आला, की तुम्ही फॅट लिहून पाठवताय तेवढं दुधात भरत नाही, कुणीतरी पाणी घालतंय. आता चोर शोधायचा. चाळीस घरांचं फॅट वाढलेलं, एकीचं घटलेलं. गावानं दोन मिनिटांत निकाल लावला. त्या केंद्रात एक काळा फळा आहे. दुधात पाणी सापडलं, की नाव त्यावर खडूनं लिहितात. ज्याचं नाव फळ्यावर, त्यानं रांगेत सगळ्यांत मागं उभं राहायचं आणि त्याचं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतायचं. आक्कांचं नाव फळ्यावर चढलं. येत्या रविवारच्या सभेत त्यांना सभासदत्वावरूनच काढायचं ठरलं.

मशीनवर चिकटवलेला माझा कागद वर्षभर तिथं होता. तो वाचला एका माणसानं. आक्कांनी.

"सायेब, तुमच्या मशीनीनं मला चोर केलं," फोनवर पहिलंच वाक्य.

मी सगळं ऐकून घेतलं आणि माझं लाडकं वाक्य टाकलं. "मावशी, मशीन खोटं बोलत नाही." एका बाईला, जिला मी पाहिलेलं नव्हतं, मी घरबसल्या सांगितलं, की तू पाणी घालतेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आक्का माझ्या दुकानात हजर. एसटीनं आलेल्या, हातात झाकण बांधलेली किटली. प्रिंटर दुरुस्तीला आलेला माणूस उठला आणि त्यांना खुर्ची दिली, मी नाही दिली. किटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "लावा तुमची मशीन." माझ्याकडं तसलंच एक मशीन होतं. लावलं. सात.

आणि मी काय बोललो असेन? "आज चोख आणलंत."

"आज चोख?" आक्का उभ्या राहिल्या. "म्हंजी बारामतीला दाखवाया चोख आनलं आन् गावाला पाणी पाजलं व्हय? इतकी वर्सं दूध घालतीया मी. माझा मालक गेला त्या दिवशी बी दूध चुकलं न्हाय. मशीन खोटं बोलत न्हाय म्हनता? न्हाय बोलत आसंल. पर तिला बोलाया कोन शिकवतं?"

"मी," मी म्हणालो.

"मंग चला," आक्का म्हणाल्या.

गेलो. संध्याकाळच्या धारेला तात्या, पोपटराव आणि मी असे तिघं जण चांदीच्या गोठ्यात हात बांधून उभे राहिलो. आक्कांनी आमच्या डोळ्यांदेखत धार काढली, भांडं आधी उलटं करून दाखवलं. दूध घेऊन सगळे केंद्रात. पाच. पोपटराव हळूच म्हणाले, "धारंच्या आधी म्हशीलाच लई पाणी पाजलं आसंल." आक्कांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते उगाच कॅन मोजायला गेले.

मी मशीनच्या मागं वाकलो. तारांवर वाळलेलं हळद-कुंकू. चिकटपट्ट्या हळदीखाली गेलेल्या. नखानं खरवडलं. वरच्या भोकात हिरवी, खालच्या भोकात लाल. म्हणजे गाईंना म्हशीचा तक्ता आणि चांदीला गाईचा.

"पोपटराव, तारा कुणी काढल्या होत्या?"

"म्याच की. पूजेला." त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नावालाही नाही. "दोनी तारा सारख्या, दोनी भोकं सारखी. कुटं बी लावली तरी चालती म्हनून तर यूएसबी म्हनत्यात न्हवं?"

आणि माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता. यूएसबी ज्यांनी काढली त्यांचा उद्देशच तो होता. पोपटराव यूएसबीला धरून वागले, थंड देशातला तो गृहस्थ बरोबर होता, मशीननं शिकवलं तेच सांगितलं, चांदीनं दिलं ते दूध खरं होतं. या सगळ्यांत चुकलेला माणूस एकच, आणि तो दोन तासांपूर्वी स्वतःच्या गाडीनं गावात आला होता. मी तारा बदलल्या. तेच दूध परत लावलं. सात. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला.

मी म्हणालो, "रविवारच्या सभेत सांगून टाकू."

तात्यांनी मला खांद्याला धरून बाहेर निंबाखाली नेलं. "सायेब, जरा इचार करा. चाळीस घरांचं फॅट खोटं व्हतं म्हनून सांगितलं, तर लोकं मशीन उचलून रस्त्यावर टाकत्याल. शेजारची सा केंद्रं माझ्या शब्दावर तुमचीच मशीन घ्यायला निघाल्यात. आक्काचं नाव पुसतो की आपन. व्होल्टेज कमी-जास्त झालं म्हनू. व्होल्टेजला कोन इचारतंय?"

खरं आहे. आमच्या तालुक्यांत व्होल्टेज सगळं सहन करतं. मोटार जळली, टीव्ही बिघडला, पोरगं नापास झालं, तरी व्होल्टेज. मी हो म्हणालो. सहा केंद्रं डोळ्यांपुढं होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी सभा भरली. तात्यांनी व्होल्टेजवर छान भाषण केलं. पोपटरावांनी फडक्यानं फळा पुसला. माणसं उठायला लागली, तशा मागच्या बाजूनं आक्का उभ्या राहिल्या. त्या तात्यांशी बोलल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "सायेब, तुमी शिकलेलं हाय. समद्यांम्होरं सांगा. माज्या दुदात पाणी व्हतं का न्हवतं?"

चाळीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. एका शब्दाचं काम होतं. 'नव्हतं.' मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्याचं काय आहे आक्का, व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता."

कुणीतरी मागं हसलं. "म्हंजी व्होल्टेजनं पाणी घातलं व्हय!" सगळे हसले. आक्का खाली बसल्या नाहीत, तशाच चपला घालून बाहेर गेल्या. नाव पुसलं गेलं, सभासदत्व राहिलं, आणि संशय जिथल्या तिथं राहिला. अजूनही रांगेत त्यांच्या पुढची माणसं किटलीकडं एकदा बघून घेतात, असं पोपटरावांनीच मला नंतर सांगितलं. लाज वाटली. वाटून काय उपयोग, ती सभेत वाटायला हवी होती.

घरी येऊन मी आठ दिवस खपलो. कारखानदाराच्या डोक्यावर बसून प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर द्यायला लावला. ड्रायव्हरमध्ये सोय केली, की एका नंबरची दोन मशीन दिसली तर कामच करायचं नाही, सरळ ओरडायचं. दुरुस्ती त्या जाणत्या मंडळींकडं पाठवली. तिथली आणखी एक रीत मला फार आवडते. चूक ज्यानं दाखवून दिली, त्याचं नाव दुरुस्तीच्या नोंदीखाली कायमचं लिहितात. मी सुभद्राआक्कांचं नाव लिहिलं. थंड देशातल्या गृहस्थानं विचारलं, ह्यांचा ईमेल पत्ता? मी कळवलं, नाही, त्यांच्याकडं म्हैस आहे. या खेपेला त्यानं एकही आक्षेप काढला नाही. आठव्या आक्षेपाबद्दलही काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. मी असतो तर बोललो असतो.

मला वाटलं, फिटलं. मोठ्या उत्साहानं आक्कांना फोन लावला. "आक्का, तुमचं नाव जगभर गेलं!"

"कशापायी?"

मी समजावून सांगितलं. मशीनमधली चूक तुम्ही पकडली, म्हणून तुमचं नाव लिहिलंय. जगात जिथं जिथं हे वाचतील, तिथं तुमचं नाव दिसेल.

"फळ्यावानी हाय म्हना की," आक्का म्हणाल्या. "त्यो फळा पुसत्यात का?"

"नाही आक्का. तो कुणालाच पुसता येत नाही. मलासुद्धा नाही."

आक्का म्हणाल्या, "मंग त्यात लिव्हलंय न्हवं, माज्या दुदात पाणी न्हवतं म्हनून?"

मी फोन कानाला तसाच धरून नोंद उघडली. चार परिच्छेद होते. भोकांबद्दल होतं, नंबरांबद्दल होतं, तारांच्या क्रमाबद्दल होतं. रिकाम्या जागा सगळ्या नियमाप्रमाणं सोडलेल्या होत्या. खाली आक्कांचं नाव होतं. दूध हा शब्दच कुठं नव्हता.

"नाही, आक्का."

"मंग काय उपेग," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर संपादकांचा तो रस्त्यावरच्या थरारक अनुभवांचा फोन आला आणि मी लगेच हो म्हणालो. हा अंक छापून आला, की एक प्रत मी स्वतः त्या केंद्रात नेऊन फळ्याखालच्या बाकावर ठेवणार आहे. तात्या रागावतील. ती सहा केंद्रं मशीन घेऊन बसलीत, तीही रागावतील. रागावू देत. बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल, एवढंच वाचा. सुभद्राआक्कांच्या दुधात पाणी नव्हतं. तारा उलट्या लागल्या होत्या, आणि त्या उलट्या लागू शकतात हे मला आधी सांगितलेलं होतं. व्होल्टेज त्या पंधरवड्यात अगदी व्यवस्थित होतं.